आर्लन वांटाची निळी वही

टॅमरॅक फॉल्सच्या कॉलेजात त्या नोव्हेंबरात सगळेजण एकच बातमी चघळत होते. आर्लन वांटाच्या निळ्या वहीत म्हणे मिस थाओंच्या गेल्या पाच वर्षांच्या परीक्षांची उत्तरं आहेत. कुणी सांगे, कॉलेजची रद्दी कागदाच्या मिलमध्ये जायची आणि तिथे एकतीस वर्षं असलेल्या आर्लनने ती लगद्यात पडायच्या आधी चाळून ठेवली. कुणी सांगे, त्याची मुलगी सिएटलमध्ये बड्या कंपनीत आहे, ती रोज फोनवरून उत्तरं सांगते आणि हा उतरवून घेतो. आमच्या वर्गातल्या केड रुडॉल्फने तर वहीचं एक पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. टेबलाच्या पलीकडून आणि उलटं, पण पाहिलं होतं.

आता खरं काय ते. सिएटलला मुलगी आहे. ती दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते, आणि तिचा लॅपटॉप अडकला की बापालाच फोन करते. मिलमध्ये लाकडाचा लगदा यायचा, कॉलेजची रद्दी कधीच आली नाही. आणि वहीत एकही उत्तर नव्हतं. होत्या त्या चुका, तारीखवार, पेन्सिलीने लिहिलेल्या. मी ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आहे.

अफवा निघाली कुठून तेही मला पक्कं ठाऊक आहे. ते त्याच्या जागी येईलच.

आर्लन वांटा एक्कावन्न वर्षांचा. विसाव्या वर्षी मिलमध्ये लागला तो तीन नंबरच्या मशीनवर, आणि मिल बंद झाली त्या दिवशीही तीन नंबरवरच होता. त्यातली अकरा वर्षं रात्रपाळी. मशीनच्या आवाजाने अर्धे कान गेलेले, त्यामुळे शेजारच्या माणसाशीही तो नदीच्या पलीकडच्या काठावर असल्यासारखा बोलतो. बोलण्याआधी घसा खाकरतो, थंडीत गाडी सुरू करावी तसा, दोन-तीनदा, आणि मग, "बरं का पोरांनो..." असं म्हणून थांबतो. हे थांबणं फार अवघड आहे. त्याची नक्कल करताना मला ते जमायला दोन आठवडे लागले.

मिल गेल्यावर सरकारने त्याला नवीन काही शिकायची सोय करून दिली. यंत्रं चालवणारे प्रोग्राम लिहायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कॉलेजात आहे. जागा बारा. तिथून निघालेल्याला गावच्या पाणीपुरवठ्यात नाहीतर चीजच्या कारखान्यात काम मिळतं. अट एकच: आधी मिस थाओंचा प्रोग्रामिंगचा वर्ग करायचा आणि त्यात निदान 'बी' श्रेणी मिळवायची. नाही मिळाली तर नोरीनचा, म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ ॲरिझोनात एसी बसवण्याचा धंदा करतो, त्याच्याकडे जायचं. तो दर रविवारी फोन करायचा. "ये रे इकडे. इथे बर्फ फक्त पेल्यात असतो." नोरीनने वाण्याकडून दोन रिकामी खोकी आणून दाराआड घडी करून ठेवली होती. त्यांच्याविषयी घरात कुणी बोलत नसे. घर आर्लनने स्वतः बांधलेलं, नदीकाठी, आमच्याच रस्त्यावर.

तर ऑगस्टच्या शेवटी तो वर्गात आला. आम्ही हायस्कूलची सहा मुलं सकाळच्या त्या वर्गाला कॉलेजात जायचो. आर्लन आमच्यामध्ये बसला की शाळेच्या फोटोत चुकून एखादा ट्रक आल्यासारखं दिसायचं.

पहिल्या चाचणीत त्याला शंभरपैकी एकतीस मिळाले.

मूर्खपणा हे त्याचं कारण नव्हतं. कारण मिलचं होतं. इतर मुलं चार ओळी लिहून प्रोग्राम चालवून बघायची, मोडला की शिव्या घालायची, पुन्हा चार ओळी लिहायची. आर्लन दोन बोटांनी एकामागून एक ओळ लिहीत जायचा आणि एकदाही चालवून बघायचा नाही. दोनशे बारा ओळी झाल्या, घड्याळात पाच मिनिटं उरली, तेव्हा त्याने हात पुसले, आमच्याकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं. पडद्यावर सत्तेचाळीस लाल ओळी आल्या. आर्लन उठून उभा राहिला. मला वाटतं, तो आग विझवायचं नळकांडं शोधत होता.

तास संपल्यावर मिस थाओंनी त्याला थांबवून घेतलं. मिस पाकू थाओ तिशीच्या, आवाज बारीक, आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी "सेव्ह केलं?" असं विचारायची सवय. त्या लग्नालाही 'हो' म्हणून नवऱ्याला तेच विचारतील असं आमच्यात म्हणायचे. दार उघडं होतं आणि माझी बॅग अजून भरून व्हायची होती. ती मी बरीच सावकाश भरली.

"आर्लन, मधेमधे चालवून का नाही बघितलं?"

"चालवायचं आणि परत बंद करायचं?"

"हो."

"मधेच?"

"मधेच."

आर्लनने घसा खाकरला. "मिस थाओ, तीन नंबर बंद पडलं की कागद पुन्हा धरायला चार-चार तास जायचे. सगळा ओला लगदा जमिनीवर. माझ्या पाळीत एकतीस वर्षांत ते दोनदाच बंद पडलं. तारखा सांगतो—"

"तारखा नकोत."

"सांगतो की. पहिली—"

"आर्लन. हे मशीन बंद पडलं तर काय सांडतं?"

आर्लनने टेबलाखाली बघितलं. खरंच बघितलं.

"काही नाही सांडत," तो म्हणाला.

"मग पाडा बंद. उद्यापासून रोज अर्धा तास. जास्त नाही. पाच ओळी लिहायच्या, चालवायचं, मोडलं की का मोडलं ते बघायचं, पुन्हा पाच ओळी. अर्ध्या तासात वीसदा बंद पडलं पाहिजे. कमी पडलं तर मला येऊन कारण सांगायचं. सेव्ह केलं?"

"वीसदा?" आर्लन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की जणू त्याला चर्चमध्ये बूट फेकायला सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. मिलचा पहिला भोंगा त्याच वेळेला व्हायचा, आता होत नाही. समोर मुलीचा जुना लॅपटॉप, डाव्या हाताला अंडी उकडायचा टायमर, तीस मिनिटांवर लावलेला, आणि उजव्या हाताला निळी वही. ती मिलचीच. बंद होताना कोऱ्या वह्यांचं एक खोकं फाटकाशी ठेवलं होतं आणि ज्याला हवी त्याने न्यावी अशी चिठ्ठी होती. कुणी नेल्या नाहीत. आर्लनने चार उचलल्या. कशाला, ते तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

मिलमध्ये पाळी बदलायचा एक नियम होता. जाणाऱ्याने वहीत तीन ओळी लिहायच्या: काय चालवलं, काय बिघडलं, कशाला हात लावला. येणाऱ्याने त्या मोठ्याने वाचायच्या. जाणाऱ्याने मान डोलावली, की मगच येणाऱ्याने व्हॉल्व्हला हात लावायचा. आता जाणाराही आर्लन आणि येणाराही आर्लन. म्हणून तो रोज पहाटे आदल्या दिवसाच्या तीन ओळी मोठ्याने वाचायचा, स्वतःच मान डोलवायचा आणि मग पहिली कळ दाबायचा. मोठ्याने म्हणजे आर्लनच्या मोठ्याने.

चौथ्या दिवशी आतल्या खोलीतून नोरीन ओरडली, "कोणाशी बोलतोयस?"

"रात्रपाळीशी!"

"तिला म्हणावं, हळू बोल!"

टायमर वाजला की तो उठायचा. अर्ध्या ओळीत असला तरी उठायचा.

"ओळ तरी पुरी कर," नोरीन म्हणायची.

"पुढच्या पाळीला काहीतरी काम नको का?"

वहीतल्या सुरुवातीच्या नोंदी अशा आहेत:

"१७ ऑक्टोबर. चालवलं: दहा आकड्यांची बेरीज. बिघडलं: एक आकडा गळतो. हात लावला: मोजणी एकने वाढवली. आता जमतं. का जमतं कळत नाही."

"१८ ऑक्टोबर. कालचं कळलं. यंत्र शून्यापासून मोजायला लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

मिस थाओंनी ते वर्गात अकरा वेळा सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि कळलेलं यांच्यामध्ये एक रात्र जावी लागते, असं आर्लनच्या वहीवरून दिसतं. बहुतेक पानांवर आदल्या दिवशीचं 'का' दुसऱ्या दिवशी आलं आहे.

मिलमधूनच आणलेली आणखी एक सवय होती. जुन्या फोरमनने त्याला शिकवलं होतं, की ओल्या कागदाजवळ तळहात धरायचा, ओल किती ते तोंडाने बोलायचं आणि मगच मीटरच्या काट्याकडे बघायचं. आधी बघितलं तर हात कधीच शिकत नाही. म्हणून प्रोग्राम चालवण्याआधी, यंत्र काय उत्तर देईल ते आर्लन समासात पेन्सिलीने लिहायचा. पहिल्या दिवशी तेवीसपैकी एकोणीस अंदाज चुकले. त्याने एकही खोडला नाही. चुकीच्या अंदाजाला गोल करायचा, बस.

आणि चिकटवाचिकटवी नाही. केडसारखी हुशार मुलं तयार उत्तर मागवायची आणि चिकटवायची. आर्लन पुस्तकातला प्रोग्रामही स्वतः टंकायचा, दोन बोटांनी. केडने एकदा कीव येऊन विचारलं, "आर्लन, तुम्हाला कॉपी-पेस्ट माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"मग?"

"मग हाताला काय कळणार?"

केडने माझ्याकडे बघितलं. मी आर्लनच्या आवाजात "हाताला काय कळणार" म्हटलं आणि सगळे हसले. आर्लनही हसला. आम्ही कशाला हसतोय ते त्याला ऐकू आलं नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

नोव्हेंबरच्या शेवटी हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस आले. त्या दिवसांत आमच्या गावात अंत्ययात्रासुद्धा पुढे ढकलतात. आर्लन पहाटे झाडावरच्या मचाणावर जाऊन बसायचा. तिथे लॅपटॉप नेता येईना, तर त्याने वही नेली. थर्मास, सॉसेजची पोळी, बंदूक, वही. पेन्सिलीने पाच ओळी लिहायच्या, मनातल्या मनात चालवायच्या, काय होईल ते समासात लिहायचं, आणि घरी आल्यावर यंत्राकडून खरं-खोटं करून घ्यायचं. नऊ दिवसांत त्याला एकही हरीण मिळालं नाही. मचाणाच्या अगदी खालून एक मोठा नर गेला असं त्याच्या गावातल्या एका मेहुण्याने पाहिलं. आर्लनची मान खाली होती. वहीत नोंद आहे: "२६ नोव्हेंबर. अंदाज नऊपैकी आठ बरोबर. हरीण: शून्य."

त्या आठवड्यानंतरच्या चाचणीत आर्लनला ब्याण्णव मिळाले. वर्गात सर्वांत जास्त. मला एक्क्याण्णव.

आता अफवेची जागा आली. नाही, जरा मागे जायला हवं, कारण तिची सुरुवात त्याच्याही दोन आठवडे आधीची. आर्लन पहिल्यांदा ऐंशीच्या वर गेला त्या दिवशी मी जेवणघरात खुर्चीवर चढले, घसा तीनदा खाकरला आणि म्हणाले, "बरं का पोरांनो... अभ्यास कशाला करता? सगळं वहीत आहे. मिस थाओ ज्यावर परीक्षा छापतात तो कागद... आम्हीच बनवला आहे." थांबणं अचूक जमलं होतं. लोक टेबलं बडवून हसले. तीन दिवसांत त्यातलं हसू गळून पडलं आणि उरलेली बातमी एकटीच पुढे गेली. मी काही कुणाला खरं म्हणून सांगितलं नाही. खोटं म्हणूनही सांगितलं नाही.

अंतिम परीक्षेत स्वतःच्या हाताने लिहिलेली एक वही जवळ ठेवायची परवानगी मिस थाओ नेहमी द्यायच्या. परीक्षेच्या आठवडाभर आधी त्या वर्गात आल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "ऑफिसात तक्रार गेली आहे. यंदा वही चालणार नाही. कोणाचीच नाही. मी ती वही वाचलेली आहे आणि तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा नको." मग त्या पुस्तक उघडून पुढच्या धड्याला लागल्या. "सेव्ह केलं?" सुद्धा विचारलं नाही.

कोणाचीच नाही म्हणजे आर्लनचीच. बाकी कुणाकडे वही नव्हती.

आर्लन उठला, वही नेऊन मिस थाओंच्या टेबलावर ठेवली आणि परत जागेवर येऊन बसला. "परीक्षा होईपर्यंत इथेच असू दे," तो म्हणाला. "म्हणजे कुणाला शंका नको." मिस थाओंनी त्याच्या गुणांचा हिशोब आदल्या दिवशीच मांडून दिला होता. गृहपाठ, चाचण्या, ते पहिले एकतीस, सगळं धरून 'बी' हवी तर अंतिम परीक्षेत पंच्याऐंशी.

त्या दिवशी माझी बस चुकली. चुकवली म्हणा. आर्लन पार्किंगमध्ये पिकअपच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता.

"बस चुकली का?"

"हो."

"बस आत. हीटर लागायला वेळ लागतो, तक्रार करायची नाही."

पूल आला. मग मी म्हटलं, "ते वहीचं मी सुरू केलं. खुर्चीवर उभं राहून तुमची नक्कल केली होती."

"माहीत आहे."

"कसं?"

"केडने मला करून दाखवली ना. फारच वाईट केली." त्याने गिअर बदलला. "तुझी चांगली असणार."



"मी ऑफिसात जाऊन सांगते."

"काय सांगशील? की विनोद होता? त्यांना विनोद कळत असता तर वही कशाला गेली असती." मिलच्या बंद फाटकासमोरून आम्ही गेलो. तो तिकडे बघत नाही, कधीच नाही. "असं कर, लाउडस्पीकर. पैज लाव."

"कसली?"

"वहीशिवाय तुझ्यापेक्षा जास्त गुण मिळवतो."

मला हसू आलं. माझी सरासरी त्र्याण्णव होती. "आणि मी हरले तर?"

"महिनाभर कुणाचा आवाज काढायचा नाही. फक्त स्वतःच्या आवाजात बोलायचं."

"महिना? आठवडा करा की."

"महिना. आणि मी हरलो तर तू सांग."

मी विचार न करता बोलून गेले. "जेवणघरात उभं राहून तोंडाने मिलचा भोंगा वाजवायचा. पूर्ण. सगळ्यांसमोर."

पिकअप माझ्या घरासमोर येऊन थांबली होती. आर्लन दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिला. ते थांबणं मी कधीही करून दाखवलेलं नाही.

"ठीक," तो म्हणाला. "उतर आता, हीटर तुझ्यासाठी नाही लावलेला."

परीक्षा डिसेंबरच्या मध्यात, मंगळवारी सकाळी, दोन तासांची. इंटरनेट बंद. एका बेकरीतल्या कामगारांचे आठवड्याचे तास मोजणारा प्रोग्राम प्रत्येकाच्या पडद्यावर होता, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, आणि त्यात पाच चुका पेरलेल्या होत्या. प्रत्येक चुकीला अठरा गुण. काय बदललं आणि का, हे नीट लिहिण्याला दहा. म्हणजे आर्लनला पाचही चुका सापडायला हव्या होत्या. चार सापडल्या तर बहात्तर आणि दहा, ब्याऐंशी. ब्याऐंशी म्हणजे ॲरिझोना.

मागे कळांचा खडखडाट सुरू झाला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. आर्लनने लॅपटॉपला हात लावला नाही. त्याचा उजवा हात टेबलावर वही असायची त्या जागी गेला, तिथे नुसतं टेबल होतं, आणि परत मांडीवर आला. मग त्याने उत्तराचा कोरा कागद पुढे ओढला आणि तीन मथळे लिहिले: चालवलं, बिघडलं, हात लावला. त्याखाली रेघ मारली. वीस मिनिटं तो फक्त वाचत होता. ओठ हलत होते. मिस थाओ दोनदा त्याच्याजवळून गेल्या आणि दोनदा घड्याळाकडे बघून पुढे गेल्या.

पहिली चूक त्याला चालवण्याआधीच दिसली. शून्यापासून मोजणं, १८ ऑक्टोबर. दुसरी २ नोव्हेंबरची: एका जागी अर्धा तास जपून ठेवलेला, पुढे तोच पूर्णांक करून कापलेला. तारखा त्याच्या डोक्यात आपोआप येत होत्या. वही वाचली होती ती मोठ्याने वाचली होती, रोज, आणि अर्धे गेलेले असले तरी कान त्याचेच होते. एक बदलायचं, चालवायचं, लिहायचं. तिसरी. प्रोग्राम बंद पडला, त्याच्या कपाळावर आठीसुद्धा आली नाही. चौथी एक तास दहा मिनिटांनी.

पाचवी मिळेना.

मिस थाओंनी नमुन्याला दिलेल्या सगळ्या कामगारांची बेरीज आता बरोबर येत होती. सकाळी सहाला आला, दुपारी दोनला गेला: आठ तास. आठला आला, बाराला गेला: चार तास. सगळं हिरवं. केड चाळिसाव्या मिनिटालाच उठून गेला होता. मला चार सापडल्या होत्या. सगळं हिरवं दिसतंय, पाचवी नावापुरतीच असणार, असं म्हणून मी ज्या ओळीत काही खोट नव्हती ती उगाच बदलली आणि कागद दिला. बाहेर पडताना बघितलं, तर आर्लन हात बांधून पडद्याकडे बघत बसला होता. पंचवीस मिनिटं उरली होती.

पुढचं त्यानेच सांगितलं. त्याला वाटलं, हे सगळे दुसऱ्यांचे अंदाज आहेत. बेकरीवाल्याचे. आपला एकही नाही. आपण अजून हात धरलेलाच नाही. मग त्याने एक कामगार स्वतः लिहिला, नाव आर्लन. त्याला ठाऊक असलेली एकच पाळी त्याला दिली, जी अकरा वर्षं केली होती: रात्री अकराला आला, सकाळी सातला गेला. समासात पेन्सिलीने लिहिलं, आठ. आणि चालवलं.

पडद्यावर आलं: उणे सोळा.

आर्लन हसला. वर्गाबाहेर पाण्याच्या नळाशी मी उभी होते, तिथपर्यंत ऐकू आलं.

"आर्लन?" मिस थाओंचा आवाज.

"काही नाही, मिस थाओ. रात्रपाळी भेटली."

यंत्राने सातातून तेवीस वजा केले होते; दिवस मध्यरात्री बदलतो हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. जायची वेळ यायच्या वेळेपेक्षा लहान असेल तर चोवीस मिळवायचे. एक ओळ. आर्लनने ती लिहिली, चालवली, आठ आले. का, ते खाली लिहिलं, आणि वेळ संपायच्या बारा मिनिटं आधी उठला, कारण त्याची पाळी संपली होती.

शुक्रवारी कागद परत मिळाले. आर्लनला सत्त्याण्णव. तीन गुण कापले, कारण प्रोग्राममध्ये नवीन काही करावं लागलं, की तो त्याला व्हॉल्व्ह एक, व्हॉल्व्ह दोन अशी नावं देतो. मिस थाओंनी लाल शाईत लिहिलं होतं: "बेकरीत व्हॉल्व्ह नसतात." वर वही ठेवून त्यांनी कागद दिला. जानेवारीतल्या बारा जागांपैकी एक त्याची झाली. नोरीनने दाराआडची खोकी उघडली आणि नाताळ उरकल्यावर झाडाचे दिवे त्यांत भरून माळ्यावर टाकले. ॲरिझोनातल्या भावाला सांगितलं, बर्फ इथे पेल्याबाहेरही असतो आणि आम्हाला तो चालतो.

मला एकोणऐंशी मिळाले. चार चुकांचे बहात्तर, आणि नीट लिहिण्याचे सात, कारण पाचवीचं कारण मी बनवून लिहिलं होतं.

म्हणजे पैज मी हरले. आर्लनने त्याच्याकडच्या कोऱ्या निळ्या वह्यांपैकी एक काढून मला दिली. "तोंडाला सुट्टी आहे महिनाभर," तो म्हणाला. "हाताला काम दे."

आज एकोणिसावा दिवस. काल पेट्रोल पंपावर केडने विचारलं, आर्लन कसा बोलतो ते करून दाखव ना. मी घसा एकदा खाकरला, आणि बघते तर पलीकडच्या नळीशी आर्लन पिकअपमध्ये पेट्रोल भरत होता. चुकीला गोल करायला काढावी तशी त्याने शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि वाट बघत थांबला.

मी माझ्या आवाजात म्हटलं, नाही जमत. पैज तोंडाची होती, हाताविषयी काही ठरलं नव्हतं. म्हणून हे लिहिलं.